लिव्हरला कुणी सांगितलं?

दरवर्षी भाऊबीजेला आत्या आप्पांना ओवाळायला साताऱ्याला येते, पण २०२४ च्या दिवाळीत आम्हीच सगळे तिच्याकडे गेलो, तरडगावच्या पुढे फलटण रोडला तिचं घर आहे तिथे. ओवाळून झालं, फराळ झाला, बाकीची मंडळी अंगणात गप्पा मारत बसली आणि मी आणि आत्या मागच्या पडवीत लसूण सोलायला बसलो. सोलत मीच होते. ती नुसत्या पाकळ्या मोकळ्या करून द्यायची आणि त्यातल्याही निम्म्या तिच्या बोटांतून निसटून खाली पडायच्या, कारण आधीच्या केमोपासून बोटांच्या टोकांना तिला नीट काही कळतच नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी तिचा सीटी स्कॅन झालेला, लिव्हरमध्ये तीन गाठी. त्या दिवशी घरात तो विषय कुणीच काढला नव्हता. आणि तिने एकदम, मान वर न करता विचारलं, "आतड्यातलं समदं काढलं म्हणत्यात, कडा बी साफ हुत्या म्हणत्यात. मग लिव्हरला कुणी सांगितलं गं?"

मी म्हटलं, रक्तातून जातं आत्या ते.

"रक्तातनं तर सगळीकडंच जाईल की. लिव्हरच का?"

मला उत्तर देता आलं नाही. पाकळ्या गोळा केल्या, सालं सुपात भरली, कुणीतरी चहाला हाक मारली आणि विषय तिथेच राहिला. पण तो प्रश्न माझ्याबरोबर साताऱ्याला आला. मी एकोणीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज सकाळी सात वाजल्यापासून माझ्या हातात लोकांचं रक्त असतं, त्यामुळे असा प्रश्न मला विचारून माझ्याकडे उत्तर नसणं हे जरा जास्तच लागलं मला.

आत्याच्या बाबतीत सुरुवातच उशिरा झाली. संडासातून रक्त पडायला लागलं तेव्हा जवळच्या एका डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून औषधं दिली, मलम दिलं, तिखट बंद करायला सांगितलं, आणि बोटाने तपासणीसुद्धा न करता असे आठ महिने गेले. ती लाजेने कुणाला बोलली नाही, मलाही नाही. वजन उतरलं, हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा कुठे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तिला घेऊन माझ्याकडे आले आणि पुढे कोलोनोस्कोपी झाली, दुर्बिणीने आतडं बघतात ती, आतड्याचा कॅन्सर निघाला. २०२३ च्या फेब्रुवारीत ऑपरेशन. जवळच्या काही लसिका गाठींत सापडलं होतं म्हणून नंतर केमो, त्यातल्या एका औषधाने थंड काही सहनच व्हायचं नाही तिला. माठातलं पाणी घशात सुया टोचल्यासारखं लागायचं, फ्रीजच्या दाराला हात लावायचा तर आधी हातमोजा, सकाळचा पितळी तांब्या उचलला की ती कळवळून खाली ठेवायची. पण झालं, पार पडलं ते. दर तीन महिन्यांनी मामा तिला एसटीने साताऱ्याला आणायचे आणि तिची सीईए, म्हणजे आतड्याचा कॅन्सर परत डोकं वर काढतोय का ते बघायची रक्ताची तपासणी, मीच लावायचे. ऑपरेशनआधी ३८ होती, नंतर २.१, मग २.४. पाचच्या आत असली की आमच्याकडे रिपोर्टवर काही खूण येत नाही. मी मामांना फोन करून सांगायचे, मामा, मस्त आहे रिपोर्ट, आणि ते पलीकडून नुसतं "पांडुरंग" म्हणायचे. मग ३.९ आली. मग ६.८. त्या दिवशी मी तेच सॅम्पल परत लावलं, मशीन बरोबर आहे का ते बघायचे कंट्रोल परत चालवले, आकडा तोच आला. पुढची २१ आली तेव्हा परत लावायची गरजच वाटली नाही.

गावात तोवर लोकांचं ठरलेलं होतं. आमच्याकडे हे घरोघरी ऐकायला मिळतं, कॅन्सरच्या गाठीला चाकू लावला की ती पसरते, आतलं वारं लागतं तिला, झाकली मूठ उघडायला नको होती. बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांनी आपल्या घरात तसंच बघितलेलं असतं, आधी ऑपरेशन आणि मग वर्ष-दोन वर्षांत सगळीकडे पसरलं, मग मन त्या दोन गोष्टी जोडून टाकतंच. पारावर कुणीतरी मामांसमोरच तसं म्हणालं. त्यानंतर मामा संध्याकाळचे पाराकडे जायचे बंद झाले. मला एकदा रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला होता, झोपली होतीस का वगैरे विचारून झालं आणि मग म्हणाले, "नुसत्या गोळ्यांवर ठेवलं असतं तर चाललं असतं का गं?" मी जरा चिडूनच म्हटलं, मामा, काहीतरीच काय, ऑपरेशन केलं म्हणून तर ही पावणेदोन वर्षं मिळाली. ते "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हा मला वाटलं मी त्यांची समजूत घातली.

त्याच ऑक्टोबरमध्ये वैद्यकाचं नोबेल जाहीर झालेलं, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना, मायक्रोआरएनएसाठी, म्हणजे पेशीने कोणतं प्रथिन बनवू नये हे सांगणाऱ्या इवल्या तुकड्यांसाठी. बातमी मी नुसती वरवर वाचली होती. माझी भाची पुण्यात बायोटेकला एमएस्सी करते, तिला मी आत्याचा प्रश्न सांगितला आणि ती म्हणाली, मावशी अगं याच्यावर तर केवढं काम झालंय, थांब, पाठवते. आणि तिने पेपर पाठवायला सुरुवात केली. दिवाळीनंतरच्या थंडीत रात्री जेवणं आटोपली की मी चष्मा लावून बसायचे आणि अर्ध्याहून अधिक शब्द तिला फोन करून विचारायचे.

सगळ्यात जुनी गोष्ट सापडली ती १८८९ ची. लंडनचे एक सर्जन, स्टीफन पॅजेट, त्यांनी ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की हा रोग शरीरात वाटेल तिथे जात नाही, ठरावीक अवयवच धरतो. त्यांनी ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलं, बी वाऱ्यावर सगळीकडे उडतं पण उगवतं जिथे माती मानवते तिथेच. आता आतड्याच्या बाबतीत एक सरळ कारण आहेच, आतड्यातून निघालेलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरलाच जातं, तोच पहिला मुक्काम. पण तेवढ्याने भागत नाही, कारण रक्तात सुटलेल्या बहुतेक कॅन्सर पेशी मरूनच जातात, परक्या जागी त्यांचं काही चालत नाही. मग लिव्हरची माती त्यांना मानवेल अशी कोण करून ठेवतं? न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने २००५ मध्ये उंदरांत दाखवलं की कॅन्सरच्या पेशी पोचण्याच्या आधीच त्या जागी अस्थिमज्जेतल्या दुसऱ्याच पेशी येऊन जमलेल्या असतात, जागा तयार होत असते. गाठ अजून इकडेच, आणि तिकडे तयारी सुरू.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण मला लगेच ते आठ महिने आठवले, मलमाचे.

तर ही तयारी कोण करतं याच्या उत्तराचा एक मोठा भाग म्हणजे एक्सोझोम. पेशी आपल्या आतून बाहेर सोडते त्या इवल्याशा पिशव्या, ३० ते १५० नॅनोमीटरच्या, केसाच्या जाडीवर अशा शेकडो बसतील ओळीने. १९८३ मध्ये त्या दिसल्या तेव्हा कॅन्सरचा काही संबंधच नव्हता, मेंढीच्या रक्तातल्या अर्धवट तयार लाल पेशी नको असलेली प्रथिनं बाहेर कशी टाकतात हे मॉन्ट्रियलला रोझ जॉनस्टोन आणि त्यांचे सहकारी बघत होते, त्यातून ही गोष्ट हाती लागली, नावही पुढे त्यांनीच दिलं. आणि बरीच वर्षं बहुतेकांचा समज हाच की या पेशीच्या कचऱ्याच्या पिशव्या आहेत. मग २००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या लोकांनी त्या उघडून बघितल्या तर आत आरएनए, म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं हे पेशीला सांगणारा निरोप. आणि तो नुसता पडून राहिलेला नव्हता, उंदराच्या पेशींतल्या या पिशव्या माणसाच्या पेशींना दिल्या तर माणसाच्या पेशींमध्ये उंदराची प्रथिनं तयार झालेली सापडली. म्हणजे एका पेशीने दुसरीला निरोप दिला आणि दुसरीने तो पाळला.

त्या निरोपांतले सगळ्यात छोटे म्हणजे मायक्रोआरएनए. साधारण २२ अक्षरांचा एक तुकडा, बस. तो स्वतः काही बनवत नाही, तो दुसऱ्या निरोपाला जाऊन चिकटतो आणि त्याचं काम थांबवतो, अमुक प्रथिन बनवू नका एवढंच सांगतो. उघडा असला तर रक्तात तो टिकणं मुश्कील, आरएनए तोडणारी द्रव्यं रक्तात असतातच, पण पिशवीत बंद असला की सुखरूप लांब जातो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये यातली कोणकोणती नावं येतात ते मी वहीत लिहून ठेवलंय. त्यातलं एक, २५-३पी. गाठीने सोडलेल्या पिशव्यांमधून ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींमध्ये शिरतं, केएलएफ२ आणि केएलएफ४ नावाची दोन प्रथिनं बंद पाडतं, आणि मग त्या पेशी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात ती पकड सैल होते, वाहिनी झिरपायला लागते, नव्या वाहिन्या फुटायला लागतात. २०१८ ची गोष्ट ही. दुसरं, मायक्रोआरएनए-२१. ते लिव्हरमधल्या मॅक्रोफेज पेशींना, म्हणजे जे राखणदार म्हणून बसलेत त्यांनाच, टीएलआर७ नावाच्या त्यांच्या आतल्या घंटीवरून चेतवतं, त्या आयएल-६ नावाचं सूज वाढवणारं द्रव्य सोडायला लागतात, आणि लिव्हरमध्ये एक बारीक धुमसणारी सूज तयार होते जी येणाऱ्या कॅन्सर पेशींना अगदी मानवते. आणि कुठे उतरायचं याचा पत्तासुद्धा पिशवीच्या अंगावर असतो. २०१५ मध्ये लायडन यांच्याच गटाने दाखवलं की पिशवीच्या बाहेरच्या बाजूला इंटेग्रिन नावाची जी प्रथिनं असतात त्यातली काही लिव्हरला नेतात, काही फुप्फुसाला.

यातलं बरंचसं काम उंदरांवरचं आणि काचेच्या बशीतल्या पेशींवरचं आहे, भाचीने मला ते चार वेळा बजावलं, आणि मीही कुणाला सांगताना ते सांगतेच. पण माणसाच्या रक्तातही खुणा आहेत. २०१४ मध्ये जपानमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटच्या सीरममधले एक्सोझोम वेगळे काढून बघितले तर त्यात सात मायक्रोआरएनए निरोगी माणसांपेक्षा जास्त होते, २१ नंबरचा त्यात होताच, आणि ऑपरेशन करून गाठ काढली की ते उतरलेले दिसले.

सीरम. हा शब्द वाचून मी थांबले होते.

सीरम म्हणजे माझं रोजचं काम. लाल झाकणाची ट्यूब, रक्त साकळू द्यायचं, मग सेंट्रीफ्यूजला ३००० च्या फेऱ्यांवर दहा मिनिटं. झाकण उघडलं की खाली काळसर लाल गोळा आणि वर ते पाणी, फिकट, गव्हाच्या काडीसारखं पिवळं. जेवून आलेल्या माणसाचं दुधाळ दिसतं, कावीळवाल्याचं हळदीसारखं. आत्याचं नेहमी स्वच्छ असायचं, पिपेटमध्ये घेतलं की उजेडात चमकायचं. त्यातून मी सीईए काढली, क्रिएटिनिन काढलं, एसजीपीटी काढलं आणि उरलेलं काढून टाकलं. आमच्या मशीनवर एक्सोझोम वेगळे होत नाहीत, त्याला लाखपट गुरुत्वाच्या वेगाने फिरवणारं अल्ट्रासेंट्रीफ्यूज लागतं, तास-तासभर. पण होते ना ते त्यात. २.१ चा आकडा बघून मी खुशीने मामांना फोन केला त्या दिवशीच्या ट्यूबमध्येही कोट्यवधी असणार, चांगल्या पेशींचे आणि कोण जाणे, आणखीही कुणाचे. कारण हे निरोप धाडणं काही कॅन्सरने शोधलेलं नाही, आपल्या सगळ्या पेशी धाडतात, आईच्या दुधात असतात हे. कॅन्सर तीच वाट वापरतो. मला त्या पिवळ्या पाण्याबद्दल तेव्हापासून जरा वेगळंच वाटतं, ट्यूब टाकताना हात थोडा थबकतो.

आत्याला मात्र मी हे सगळं लगेच सांगितलं नाही. तिची दुसरी केमो सुरू झाली होती, मधल्या काळात ती फारच थकली, मार्चमध्ये एकदा तीन दिवस ॲडमिट होती. कुठून सुरू करायचं तेही कळेना. तिने परत विचारलंही नाही. मी गेले की ती माझ्या मुलांचं विचारायची, आप्पांच्या गुडघ्याचं विचारायची, आणि मी वही पर्समध्ये घेऊन तशीच परत यायचे.

मग २०२५ चा पालखीचा दिवस आला. लोणंदचा मुक्काम उठवून माऊलींची पालखी तरडगावला येते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, आणि दुसऱ्या दिवशी फलटणकडे निघते ती आत्याच्या दारावरून. आत्याने अकरा वाऱ्या केल्यात. त्यातल्या पाच ती चालली नाही, दिंडीच्या ट्रकवर होती, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत. त्या दिवशी पहाटेच तिने प्लास्टिकच्या खुर्चीवर रस्त्याच्या कडेला बसवायला लावलं, कानाला स्कार्फ, अंगावर आप्पांनी दिलेली शाल, जूनमध्ये. मामांनी पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं, ग्लास मांडलेले. पालखी यायला अजून वेळ होता पण रस्ता कधीचाच भरलेला, कारण पुढे ट्रक जातात ना. एकामागून एक, टपावर राहुट्यांचे बांबू आणि ताडपत्र्या, मागे पिठाची पोती, मोठाली पातेली उलटी बांधलेली, गॅसच्या टाक्या, वळकट्या, आणि त्या सगळ्यावर बसलेली दोन-चार पोरं आणि बायका. वारकरी संध्याकाळी मुक्कामी पोचतात तेव्हा राहुटी उभी असते, पाणी भरलेलं असतं, पिठलं रटरटत असतं. ते हे लोक करतात.

आत्या त्या ट्रकांकडे बघत होती आणि माझ्याही नकळत मी बोलायला लागले. म्हटलं, आत्या, तू मला दिवाळीत विचारलेलंस ते. ती म्हणाली, व्हय, लिव्हरला कुणी सांगितलं. म्हणजे विसरली नव्हती. मी पिशव्यांपासून सुरू केलं, गाठ आतड्यात असतानाच ती बारीक पिशव्या रक्तात सोडते, त्यात चिठ्ठी असते, बावीस अक्षरांची, त्या आधी लिव्हरला जातात, तिथल्या राखणदारांना आपल्या बाजूला वळवतात, रक्तवाहिन्यांच्या फटी सैल करून ठेवतात, मग पेशी जातात तेव्हा त्यांना तिथे सगळं...

"म्हंजी दिंडीचा ट्रकच की गं," आत्या म्हणाली.

मला कसंतरीच झालं ते ऐकून. पालखी येतेय, टाळ ऐकू यायला लागलेत, आणि त्या वाटेवर असं काही बोलावं हे मला तरी सुचलं नसतं, सुचलं असतं तरी तोंडातून निघालं नसतं. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. ती सरळ हिशोब लावत होती, डोळे ट्रकवरच. म्हणाली, आमी पोचायचो तवा तिथं कायबी नसायचं, नुसतं माळरान. दगडं उचलायची, चर मारायचे, तीन तासांत गाव उभं. मग म्हणाली, "अडवता येतो का ट्रक?" मी खरं तेच सांगितलं. उंदरांमध्ये त्या पिशव्या बाहेर पडणं अडवून पसरणं कमी झालेलं दिसलंय, माणसांसाठी असं औषध अजून नाही. त्यात अडचणही आहे, चांगल्या पेशींचे ट्रक त्याच रस्त्याने जातात, रस्ताच बंद केला तर ते पण अडकणार. पण रक्तातली चिठ्ठी लवकर वाचता आली तर पुढे कुणाला तरी आधी कळेल, त्यावर खूप लोक काम करतायत. तिने मान हलवली. नाराज वगैरे नाही झाली, अंदाज होता बहुतेक तिला.

पहिल्या दिंड्या दिसायला लागल्या. पताका, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका, ओलसर मातीचा आणि घामाचा वास. आत्याने हात जोडले, बोटं अजूनही अर्धवटच मिटत होती. बऱ्याच वेळाने, मी तो विषय संपला असं धरून चालले होते तेव्हा, ती माझ्याकडे वळली.

"म्हंजी चाकू लावायच्या आधीच ट्रक पुढं गेलता."

म्हटलं, हो आत्या. डॉक्टर पण तेच म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी ते आधीच तिकडे निघालेलं असणार, स्कॅनमध्ये दिसण्याएवढं नव्हतं इतकंच. चाकूने गाठ काढली, म्हणजे ट्रक धाडणारी जागा बंद केली. चाकूने पसरवलं नाही.

"नक्की ना?"

"नक्की."

"मग ही गोष्ट मला कशाला सांगत बसलीस," ती म्हणाली. "तुझ्या मामास्नी सांग. सही त्यांनी केलती."

मामा पिंपाजवळ उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, एका हातात तांब्या, एका हातात ग्लास, येणाऱ्या प्रत्येकाला वाकून "घ्या माऊली, घ्या माऊली" करत. मी रस्त्याच्या कडेने तिकडे गेले, त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि म्हटलं, मामा, पाणी मी देते, तुम्ही जरा इथे माझ्याजवळ बसा.